मारुती ईको: खाऱ्या वाऱ्यातली घरची गाडी आणि तिची दुखणी

गुहागरपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरच्या सगळ्या माणसांसाठी परवडणारी गाडी म्हटलं की ईकोचं नाव येतंच. २०१० पासून बाजारात असलेल्या या गाडीची रचना साधी आहे: इंजिन पुढच्या सीटखाली, ओढ मागच्या चाकांना. तालुक्याच्या गावातला मेस्त्रीसुद्धा तिला बेधडक हात घालतो, आणि आमच्या मते हाच तिचा सगळ्यात मोठा गुण. पुढे बसणाऱ्याला आवाज आणि ऊब सहन करावी लागते, रिकामी गाडी खड्ड्यांत उडते. हे मात्र धरून चालायचं. किनाऱ्यावर तिला खरा त्रास होतो तो मिठाचा आणि घाटांचा.

सरकता दरवाजा जड झाला की लोक रोलर बदलून घेतात. आधी खालच्या रुळात बोट फिरवा. वाळू, तांबडी धूळ आणि कुणीतरी ओतलेलं जुनं ऑइल यांचा काळा लगदा हाताला लागेल. डिझेलचं फडकं आणि जुना टूथब्रश घेऊन तिन्ही रूळ साफ करा, कोरडे पुसा, मग सिलिकॉन स्प्रे मारा. ऑइल पुन्हा घालू नका, ते धूळ धरून ठेवतं. एवढं करूनही अर्धवट उघडलेला दरवाजा धरून वरखाली हलवल्यावर खेळ जाणवला, तरच रोलर झिजलाय. दरवाजाच्या तळकडेला पाणी जायची बारीक भोकं असतात, तीही बघा. पावसात दरवाजा ओढताना आतून खळखळ ऐकू आली तर ती बुजलीत आणि पत्रा आतून गंजतोय. माडाच्या हिरानं मोकळी करा.

आंबोली किंवा कुंभार्ली घाटाच्या चढाला तापमानाचा काटा वर जातो, ही दुसरी नेहमीची तक्रार. कधी तापते ते नीट बघा. जेट्टीवर फेरीबोटीच्या रांगेत उभी असताना तापत असेल तर संशय पंख्यावर: मोटर, फ्यूज, रिले. चालू गाडी चढावर तापत असेल तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटरच्या जाळीत चिखल बसलाय. इंजिन तापल्यावरही रेडिएटरचा एक पाइप कडक गरम आणि दुसरा गार लागला तर थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप, अडकलाय किंवा रेडिएटर आतून चोंदलाय. पाइप चाचपताना पंख्यापासून हात लांब ठेवा. गरम असताना झाकण उघडू नका. आणि विहिरीचं पाणी तर अजिबात नको. किनाऱ्याजवळच्या विहिरींना खारटपणा असतो, तो ॲल्युमिनियम खातो. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्मं.

सकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो म्हणून लगेच बॅटरी बदलू नका. मल्टिमीटर लावा. रात्रभर उभ्या गाडीत १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ दिसायला हवेत. कमी दिसले तर बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर किंवा त्याचा पट्टा तपासा. मीटरची एक सुई बॅटरीच्या खांबावर, दुसरी त्याच खांबाच्या क्लॅम्पवर धरून स्टार्टर मारा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त आलं तर दोष बॅटरीत नाही, जोडात आहे. निगेटिव्ह तार आधी काढा, कपभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून पांढरी-हिरवी बुरशी धुवा, कोरडं करून क्लॅम्प घट्ट बसवा आणि वर व्हॅसलीन लावा.

गिअर टाकून क्लच सोडताना खालून ‘टक्’ आवाज आला तर प्रॉपेलर शाफ्टचा, म्हणजे मागच्या चाकांना ओढ नेणाऱ्या दांड्याचा, क्रॉस (सांधा) बघा. चाकांना दगड लावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवा आणि शाफ्ट हातानं पिळा. जोडात खेळ असेल तर बदला.

पावसाळ्यात रात्री हँडब्रेक ओढून ठेवला की मागच्या ब्रेकचे शू ड्रमला चिकटतात. सपाट जागी गिअर आणि चाकाला दगड पुरे. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं आणि घाट उतरताना उकळतं, म्हणून दर २ वर्षांनी बदला.

जुनी घेताना सीएनजी असेल तर टाकीच्या ३ वर्षांच्या चाचणीची तारीख वाचा. मग गाडी रॅम्पवर चढवून मागचे सस्पेन्शन आर्म चॅसीला जिथे जोडलेत तिथे स्क्रूड्रायव्हर दाबून बघा. वरचा गंज घासून रंगवता येतो. पण पत्र्यात टोक आत गेलं तर किंमत कितीही उतरवली तरी ती गाडी घेऊ नका.