तिकीट मराठीत, पण पैसे भरेपर्यंतच
नागपुरातल्या कार्यक्रमांची तिकिटं मराठी, हिंदी, इंग्रजीत विकणारी ही ऑनलाइन सेवा आसन निवडेपर्यंत झकास. वसंतराव देशपांडे सभागृहातलं नाटक असो की सुरेश भट सभागृहातली मैफल. रांग, बाल्कनी, दर सगळं स्वच्छ मराठीत. पुढे गाडी अडते. पेमेंटचं पान थेट इंग्रजीत उघडतं. नाव देवनागरीत टाकलं की लाल चौकट! पीडीएफ बनवणारं सॉफ्टवेअर जोडाक्षरं जुळवत नाही, म्हणून ‘प्रवेश’चं ‘प्‌रवेश’ छापून येतं. एसएमएसचं तर विचारूच नका. इंग्रजीत एका संदेशात 160 अक्षरं मावतात, देवनागरीत 70, तीही काना-मात्रा वेगळ्या मोजून. मग तुकडे पडतात आणि आसन क्रमांक नेमका शेवटच्या तुकड्यात. तो आधी लिहायला काय हरकत आहे? तूर्त तिकिटाच्या क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट काढून ठेवा.