सप्तशृंगगड: ट्रॉली आल्यानंतरचे आणि शेंदूर उतरल्यानंतरचे दर्शन

नाशिक जिल्ह्यातील कळवण तालुक्यात, सातमाळा डोंगररांगेत वसलेला सप्तशृंगगड महाराष्ट्रातील साडेतीन शक्तिपीठांपैकी अर्धे पीठ मानला जातो. कोल्हापूर, तुळजापूर आणि माहूर ही तीन पूर्ण पीठे आणि वणीची देवी, म्हणजे या गडावरची सप्तशृंगी, हे अर्धे, अशी गणना घराघरांत पाठ असते. तथापि गडावर जाऊन आलेल्या माणसाला त्या ‘अर्ध्या’चा अर्थ लावणे कठीण जावे, इतके हे स्थान स्वयंपूर्ण आहे. गेल्या काही वर्षांत येथे दोन मोठे बदल झाले. 2018 मध्ये फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आणि 2022 मध्ये मूर्तीवरील शेंदराचे जुने थर उतरवण्यात आले. पूर्वी गडावर जाऊन आलेल्यांनी पुन्हा जावे का, आणि गेल्यास कसे जावे, हा प्रश्न या दोन बदलांमुळेच विचारण्याजोगा झाला आहे.

नाशिकहून दिंडोरी, वणी, नांदुरी असा साधारण साठ किलोमीटरचा रस्ता आहे. मुंबई-आग्रा महामार्गाने येणाऱ्यांना पिंपळगाव बसवंतहून वणीला वळता येते, तर खानदेशातील भाविक देवळा-कळवणच्या बाजूने येतात. गडाच्या पायथ्याच्या नांदुरीपर्यंत वाहन चालवणाऱ्याची परीक्षा होत नाही. ती नांदुरीच्या पुढील घाटात होते. वळणे तीव्र आहेत, पावसाळ्यात धुके दाट उतरते आणि या घाटात यापूर्वी गंभीर अपघात झालेले आहेत. घाटाची सवय नसलेल्या चालकाने नांदुरीला गाडी ठेवून एस.टी.ने वर जावे, असे माझे स्पष्ट मत आहे. चैत्रोत्सव आणि नवरात्र या काळात खासगी वाहने तशीही खालीच थांबवली जातात आणि सर्व वाहतूक एस.टी. बसगाड्यांनी होते. एरवी गैरसोयीची वाटणारी ही व्यवस्था प्रत्यक्षात गडावरील सर्वांत शहाणी व्यवस्था आहे.

गडावरील गावातून मंदिरापर्यंत जाण्याचे आता दोन मार्ग आहेत. पायऱ्यांचा मार्ग जुना आहे. त्याच्या बांधणीचे श्रेय सरदार दाभाडे घराण्यातील उमाबाई दाभाडे यांना दिले जाते. पायऱ्यांची संख्या सांगणाऱ्यागणिक बदलते, पण ती पाचशेच्या आसपास आहे असे समजून निघावे. पायथ्याशी दगडात कोरलेले महिषासुराचे शिर आहे. भाविक तेथे आधी माथा टेकवतात आणि मग चढू लागतात. ज्या दैत्याचा देवीने वध केला, त्यालाच पहिला नमस्कार करण्याची ही रीत मला या गडावरील सर्वांत विचारप्रवृत्त करणारी गोष्ट वाटते. वाटेत गणपती आणि कासव यांची स्थाने आहेत. काही जण पायरीपायरीला हळदीकुंकू वाहत चढतात, नवस फेडणारे त्याहून सावकाश जातात आणि त्यामुळे गर्दी नसतानाही या वाटेला स्वतःची एक संथ गती असते.

ट्रॉलीने हेच अंतर काही मिनिटांत पार होते. उतारावर बसवलेल्या रुळांवरून ती वर खेचली जाते, त्यामुळे दोरीला टांगलेल्या पाळण्याची धास्ती वाटणाऱ्यांनीही निःशंकपणे बसावे. गुडघे साथ देत नाहीत म्हणून ज्या आजी-आजोबांनी वर्षानुवर्षे पहिल्या पायरीवरूनच कळसाला हात जोडले, त्यांना या सोयीमुळे देवीसमोर उभे राहता येऊ लागले. एवढ्या एका कारणासाठीही या प्रकल्पाविषयीचे बरेचसे आक्षेप मागे घेण्यासारखे आहेत. माझा आक्षेप वेगळा आहे. ट्रॉलीने थेट वर गेल्यास महिषासुराचे शिर, गणपती आणि कासव हे सारे चुकते, आणि सुट्टीच्या दिवशी तिकिटाच्या व ट्रॉलीच्या रांगेत गेलेला वेळ धरला तर धडधाकट माणसाचा वेळही फारसा वाचत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी पायऱ्यांनी चढावे आणि उतरताना गुडघ्यांवर भार नको म्हणून ट्रॉली घ्यावी.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे दर्शन. देवीची अष्टादशभुजा मूर्ती कड्याच्या कातळातच कोरलेली असून ती माणसाच्या उंचीहून बरीच मोठी आहे. शेकडो वर्षे चढत गेलेल्या शेंदरामुळे तिचे मूळ शिल्प जवळजवळ लपून गेले होते. 2022 च्या पावसाळ्यात मंदिर दर्शनासाठी बंद ठेवून तज्ज्ञांच्या देखरेखीखाली हे थर उतरवण्यात आले. निघालेला शेंदूर हजार किलोंहून अधिक भरला, यावरून त्या आवरणाची जाडी ध्यानात यावी. त्या वर्षी घटस्थापनेला, म्हणजे 26 सप्टेंबरला, मंदिर पुन्हा उघडले. ठसठशीत डोळ्यांची, भरीव शेंदरी देवी ज्यांच्या देवघरातील तसबिरीत आहे, अशा अनेक भाविकांना हे नवे रूप प्रथम परके वाटले आणि ते स्वाभाविक होते. मात्र आता हातांची ठेवण, आयुधे आणि चेहऱ्याची घडण स्पष्ट दिसते. देवांनी आपापली शस्त्रे देवीला दिल्याचा सप्तशती या देवीमाहात्म्याच्या ग्रंथातील प्रसंग ज्यांनी पारायणात वाचला आहे, त्यांना समोरच्या मूर्तीत त्रिशूळ, चक्र, वज्र, धनुष्य ओळखण्याचा आनंद यापूर्वी एवढा सहज मिळत नव्हता. शेंदूर उतरवण्याचा निर्णय योग्य होता, असे मी निःसंकोचपणे म्हणेन.

मूर्तीचे मस्तक किंचित एका बाजूला कललेले आहे. समोरच्या मार्कंड्या डोंगरावर मार्कंडेय ऋषी सप्तशतीचा पाठ करीत आणि देवी तो कान देऊन ऐकत असे, अशी श्रद्धा आहे. देवीला अकरा वार साडी नेसवली जाते. त्यामुळे मूळ शिल्प अधिक पाहायचे असेल, तर सकाळी लवकर, पंचामृत अभिषेकाच्या वेळी पोहोचण्याचा प्रयत्न करावा. गाभाऱ्यासमोर थांबायला मिळणारा वेळ मात्र क्षणभराचाच असतो. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा आणि शनिवार-रविवार टाळल्यास तो थोडा वाढतो.

चैत्रातील यात्रा हा स्वतंत्र अनुभव आहे आणि तो सर्वांना झेपेल असे नाही. खानदेश हे देवीचे माहेर मानले जात असल्याने धुळे, जळगाव, नंदुरबार या भागांतून लाखो भाविक भर उन्हात पायी येतात. उत्सवात दरेगावच्या गवळी घराण्याकडे कीर्तिध्वज फडकवण्याचा मान आहे. शिखराचा जो कडा पाहूनच छाती दडपते, तेथे ते रात्री चढून ध्वज लावतात. कोजागरीला कावडधारक आणि राज्यभरातील तृतीयपंथी भाविक गडावर जमतात. देवीशी भक्तांचे नाते किती निरनिराळ्या वाटांनी जुळलेले आहे, हे पाहायचे असेल तर ती रात्र निवडावी. लहान मुले बरोबर असतील, तर या दोन्ही प्रसंगी जाऊ नये.

सोयींच्या बाबतीत गड साधा आहे. देवस्थान ट्रस्टचे भक्तनिवास आणि प्रसादालय आहे. तेथील जेवण साधे व पोटभर असून बाहेरच्या उपाहारगृहांपेक्षा मी त्यालाच पसंती देईन. पूजासाहित्याच्या दुकानांतून होणारा आग्रह, पिशव्यांवर झडप घालणारी माकडे आणि दरीच्या कडेला साचणारा प्लॅस्टिकचा कचरा या तीन गोष्टींचा त्रास होतो, त्यांपैकी तिसरी सर्वस्वी आपणा भाविकांचीच देणगी आहे. शिखराभोवतीचा प्रदक्षिणा मार्ग खडबडीत आहे. कोरड्या ऋतूत सकाळी तो अवश्य करावा, कारण मार्कंड्या, रवळ्या-जवळ्या आणि धोडप हे किल्ले ज्या दिमाखात तेथून दिसतात, तसे ते मंदिराच्या रांगेतून दिसत नाहीत. पावसात दरड व निसरडे यांमुळे तिकडे फिरकू नये. एका दिवसात परत फिरणाऱ्यांनी दुपारचा प्रसाद घेऊन निघावे, म्हणजे नांदुरीचा घाट उजेडातच उतरता येतो.