लॅव्हेंडर तेलाने मूलपेशी ‘वाढतात’: बाटली आणि आलेख, दोन्हींत झालेली फसवणूक

आम्हाला विकल्या गेलेल्या लॅव्हेंडर तेलासोबत दोन कागद आले: जीसी-एमएसचा (तेलातले घटक वेगळे करून ओळखणाऱ्या चाचणीचा) अहवाल आणि मूलपेशींची (इतर प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींची) वाढ दाखवणारा, एमटीटी या पेशी-चाचणीचा आलेख. दोन्ही फसवे निघाले. पेशींवरच्या प्रयोगासाठी कुणी तेल घेणार असेल, तर आधी हे वाचा.

अहवालात लिनालूल आणि लिनॅलिल ॲसिटेट हे तेलाचे दोन मुख्य घटक युरोपीय औषधकोशाच्या मर्यादेत होते, म्हणजे 20 ते 45 आणि 25 ते 47 टक्के. पण त्यावरचा बॅच क्रमांक बाटलीवरच्या क्रमांकाशी जुळत नव्हता, आणि नेमकं तेच पाहायचं राहून गेलं. शंका आली ती गाळणकागदावरच्या एका थेंबामुळे. चांगल्या लॅव्हेंडरचा थेंब उडून जातो, मागे फारसं काही राहत नाही. इथे दुसऱ्या दिवशीही कागदावर तेलकट कडा तशीच. तपासणीत डायइथाइल थॅलेट सापडलं. सुगंधी तेल पातळ करून माप वाढवायला ते वापरतात. पेशींच्या कामात अशी भेसळ घातकच, कारण दिसलेला परिणाम तेलाचा की थॅलेटचा, हे सांगताच येत नाही. कृत्रिम लिनालूलची भेसळ याहून अवघड: लिनालूलची आरशातल्या प्रतिमांसारखी दोन रूपं असतात; अस्सल तेलात त्यांतलं आर-रूप बहुतांश असतं, कृत्रिमात दोन्ही रूपं निम्मी-निम्मी. जीसी-एमएसच्या साध्या कॉलमवर (घटक वेगळे करणाऱ्या नळीवर) दोन्हींचं शिखर एकच दिसतं. ती पकडायला ही दोन रूपं वेगळी करणारा कायरल कॉलमच लागतो, म्हणून त्याचा अहवाल वेगळा मागा.

आता आलेख. एमटीटी हे पिवळं द्रव्य जिवंत पेशी जांभळं करतात; म्हणजे ही चाचणी पेशी मोजत नाही, त्यांची चयापचय क्रिया मोजते. शिवाय लवंग, ओव्यासारख्या तेलांतली फिनॉलं पेशी नसतानाही एमटीटीला जांभळं करू शकतात. त्या आलेखात पेशीविरहित वेल (प्लेटमधला खळगा) नव्हती आणि तेल ज्यात विरघळवतात त्या डीएमएसओचा कंट्रोलही (तुलनेसाठी तेलाविना ठेवलेला नमुना) नव्हता. आम्ही ट्रायपॅन ब्लू (मेलेल्या पेशींनाच रंगवणारं द्रव्य) घालून पेशी मोजल्या, तर संख्या कंट्रोलइतकीच!

मांडणी अशी ठेवा: 100 मायक्रोलिटर तेल आणि 900 मायक्रोलिटर डीएमएसओ काचेच्या कुपीत मिसळा. त्यातलं 1 मायक्रोलिटर पेशी वाढवायच्या 1 मिली माध्यमात घातलं की तेल 0.01 टक्का आणि डीएमएसओ सुमारे 0.1 टक्का होतं. कंट्रोलमध्ये डीएमएसओ तेवढंच हवं. नीट घुसळलं नाही तर तेल वर तरंगतं आणि तळाच्या पेशींना काहीच मिळत नाही. पॉलिस्टायरीनच्या नळ्या टाळा, लिमोनीनसारखी टर्पिनं ते प्लास्टिक विरघळवतात. वाफ शेजारच्या वेलमध्ये जाते, म्हणून प्रत्येक मात्रेला वेगळी प्लेट घ्या. आणि वाढ खरोखर दिसली, तरी मेसेंकायमल प्रकारच्या मूलपेशींवर सीडी73, सीडी90, सीडी105 ही त्यांची ओळख पटवणारी प्रथिनं टिकून आहेत का ते बघा.

जाब विचारल्यावर ‘अहवाल नमुन्यादाखल होता’ एवढंच उत्तर मिळालं. त्या बाटलीवरचे सगळे निकाल बाद करावे लागले.