रेल्वे लाइन्समधील एका प्रसूतिगृहाची गर्भपात सेवा : डॉक्टरांना पूर्ण गुण, काउंटरला नाहीत

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागातील एका खासगी प्रसूतिगृहात माझ्या एका विवाहित नातलगाबरोबर मी कायदेशीर गर्भपातासाठी गेले होते. हे तिच्या संमतीने लिहीत असले, तरी तिची ओळख उघड होऊ नये म्हणून दवाखान्याचे नाव देत नाही.

सरकारमान्य गर्भपात केंद्र असल्याचे प्रमाणपत्र आत शिरताच समोरच्या भिंतीवर दिसते आणि ते पाहिल्याशिवाय कोणी फाइल करू नये. सोनोग्राफीच्या दारावर ‘येथे गर्भलिंग निदान केले जात नाही’ ही पाटीही आहे. गर्भपाताचा आणि गर्भलिंग निदानबंदीचा असे हे दोन कायदे वेगळे असले, तरी आपल्याकडे त्यांची सर्रास गल्लत होते आणि गर्भपात म्हटला की तो बेकायदाच असणार, असे सुशिक्षित माणसेही धरून चालतात.

तक्रार आहे ती काउंटरची. नाव, वय लिहून झाल्यावर तिथल्या बाईंनी विचारले, “मिस्टर आले नाहीत का? त्यांच्या सहीशिवाय फाइल होत नाही.” नातलगाचे यजमान नोकरीनिमित्त पुण्यात असतात आणि त्यांना सारे ठाऊकही होते, पण मुद्दा तो नव्हे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आणि मानसिकदृष्ट्या सक्षम असलेल्या स्त्रीची स्वतःची संमती कायद्याला पुरते, आणि संमतीपत्राच्या ‘नमुना क’मध्ये पतीच्या सहीला जागाच नाही. आमच्या शेजारच्या बाकावर अक्कलकोटकडून आलेली एक बाई याच सहीसाठी नवऱ्याला कन्नडमध्ये फोनवर विनवत होती. तिला तो नमुना कोणी दाखवलाही नव्हता.

मला हे अधिकच खटकले, कारण माझी काही वर्षे झांबियात, लुसाका येथे गेली आहेत. तिथला गर्भपाताचा कायदा 1972 चा. आपला 1971 मध्ये संमत झाला आणि 1972 मध्ये अमलात आला. दोन्हींवर ब्रिटनच्या 1967 च्या कायद्याची छाप आहे. स्त्रीची सध्याची आणि पुढे संभवणारी परिस्थिती विचारात घेण्याची तरतूदही दोहोंत आहे. वाचायला झांबियाचा कायदा आफ्रिकेतील बऱ्याच देशांपेक्षा उदार वाटतो, मात्र एरवी तीन डॉक्टरांच्या सह्या लागतात, त्यांपैकी एक त्या विषयाचा तज्ज्ञ असावा लागतो, आणि सूट मिळते ती केवळ जीव वाचवण्यासाठी किंवा आरोग्याची गंभीर, कायमची हानी टाळण्यासाठी तातडीची गरज असताना. लुसाकाच्या युनिव्हर्सिटी टीचिंग हॉस्पिटलमध्ये तीन डॉक्टर सहज मिळतील; पण ज्या खेड्यातले आरोग्य केंद्र परिचारिकेच्या भरवशावर चालते, तिथल्या बाईने ते आणायचे कुठून? त्यातच विवेकबुद्धीला पटत नसेल, तर डॉक्टरला नकार देण्याची मुभा आहे, आणि 1991 मध्ये ख्रिस्ती राष्ट्र म्हणून घोषित झालेल्या त्या देशात चर्चचा आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांचा धाक काही कमी नाही. कायद्याची चौकट सोडून गर्भपात करवून घेणाऱ्या स्त्रीला दंडसंहितेत 14 वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. 2005 मध्ये अत्याचारित मुलींसाठी त्या संहितेत दुरुस्ती झाली, 2009 मध्ये आरोग्य मंत्रालयाने असुरक्षित गर्भपात कमी करण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. मूळ कायद्यातली तीन सह्यांची अट मात्र उरली. कायदा असूनही बायका जडीबुटीकडे वळतात त्या यामुळेच.

आपल्या कायद्याने 20 आठवड्यांपर्यंत एकाच नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरेसे मानले आहे. झांबियात निदान जादा सह्यांची अट संसदेने घातली होती; इथे नवऱ्याच्या सहीची अट काउंटरवरच्या बाईंनी परस्पर घातली.

डॉक्टरबाईंपर्यंत पोहोचल्यावर मात्र चित्र पालटले. सहीचे ऐकताच त्यांनी काउंटरवर फोन करून ती अट काढायला लावली आणि मला नम्रपणे बाहेर बसायला सांगून नातलगाशी एकटीशी बोलल्या. नऊ आठवड्यांच्या आत असल्यामुळे गोळ्यांनी काम होईल, पहिली गोळी आपल्यासमोर घ्यायची, पुढच्या केव्हा, हे सारे त्यांनी कागदावर मराठीत लिहून दिले. तासाला दोन पॅड पूर्ण भिजू लागले आणि सलग दोन तास तसेच चालले, तर रात्र असली तरी निघून यायचे, हे वाक्य त्यांनी खाली रेघ मारून लिहिले होते. संमतीपत्र तिच्यासमोरच पाकिटात घालून चिकटवले आणि वर फक्त क्रमांक व ‘गोपनीय’ एवढेच लिहिले. तांबीची माहिती दिली, पण ‘तांबी बसवणार असाल तरच’ अशी अडवणूक केली नाही; ही अडवणूक इतरत्र होते, म्हणून मुद्दाम नोंदवते.

बिल रीतसर मिळाले, दोन आठवड्यांनंतरची तपासणी त्यातच धरलेली होती. बसायची जागा अपुरी आहे आणि प्रसूतीसाठी आलेल्या बायका व गर्भपातासाठी आलेल्या बायका एकाच बाकावर बसतात, ते टाळता येण्यासारखे आहे.

वैद्यकीय सेवेसाठी मी हा दवाखाना निःसंकोच सुचवेन. सहीवरून कोणी अडवले, तर वाद न घालता थेट डॉक्टरांना भेटायचे आहे असे सांगावे. काउंटरविषयी मी लेखी तक्रार दिली आहे. नमुना क मराठी, कन्नड आणि तेलुगूत मोठ्या अक्षरांत काउंटरच्या काचेवर लावावा, एवढीच मागणी तीत आहे. उत्तर अजून आलेले नाही.