नानांकडून घेतलेला रेकॉर्ड प्लेअर : आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीत जळगावला नानांच्या दुकानातून हा चार स्पीडचा जुना प्लेअर घेतला. दुकान बोळातलं, पण जमिनीपासून छतापर्यंत नुसत्या रेकॉर्डी. नाट्यसंगीत, लावण्या, वग, कव्वाल्या, कीर्तनं. वही नाही, चिठ्ठ्या नाहीत. आपण नाव सांगायचं, नाना स्टूल ओढायचे आणि हात थेट त्याच कव्हरवर जायचा. संक्रांतीनंतर नाना गेले. शटर तेव्हापासून बंद आहे.

प्लेअरची मोटर दणकट आहे. सुरुवातीला मात्र गाणं ओढल्यासारखं वाजायचं. नानांना फोन केला. "भाऊ, मशीनला नावं ठेवू नको, आधी रेघा बघ," म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी एक गोल पुठ्ठा हातात ठेवला. कडेने 180 काळ्या रेघा. तो फिरत्या थाळीवर ठेवायचा आणि वर जुन्या चोकची ट्यूब लावायची. आपली वीज 50 हर्ट्झची, तिच्या तालावर ट्यूब लुकलुकते, त्यामुळे वेग बरोबर मिनिटाला 33⅓ फेरे असला की रेघा जागच्या जागी उभ्या दिसतात. माझ्या प्लेअरवर त्या मागे सरकत होत्या, म्हणजे वेग कमी पडत होता. थाळी फिरवणाऱ्या आतल्या रबरी चाकाला तेल लागलं होतं, ते घसरत होतं. ते पुसलं आणि रेघा थांबल्या! तो क्षण मी विसरणार नाही.

78 च्या तबकड्यांची खाच रुंद असते, एलपीची, म्हणजे 33⅓ च्या तबकडीची, बारीक सुई त्यात नुसती खरखरते. इथे छोटी दांडी उलटवली की जाड सुई खाली येते. ही सोय फार आवडली. एकदा दुकानातच मी अशी तबकडी स्पिरिटने पुसायला निघालो, तर नानांनी हातातला बोळाच काढून घेतला. ती लाखेची, स्पिरिटमध्ये लाख विरघळते.

मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीत आडव्या रचलेल्या तीन एलपी वाकल्या. सुई होडीसारखी वरखाली होते. नानांकडे इतके उन्हाळे गेले, पण वाकलेली रेकॉर्ड मला कधी मिळाली नाही. त्यांच्या सगळ्या उभ्या असायच्या. दुपारी ते अर्धं शटर ओढून घ्यायचे, ते झोपण्यासाठी असं मला वाटायचं. ऊन आत येऊ नये म्हणून ओढायचे, हे आत्ता कळलं.

जुना प्लेअर घेणार असाल तर आधी रबरी चाक आणि सुई बघा, लाकडाची चकाकी नंतर.

झाकणाच्या आत नानांच्या अक्षरात पेन्सिलीने लिहिलंय, "सुई बदलली", पुढे तारीख. परवा मी नवी बसवली. तारीख त्याच ओळीखाली लिहिली, पेन्सिलीनेच.