सरकारी कारखाने: वाटायचे की विकायचे?

एम.ए.च्या प्रकल्पासाठी चेकोस्लोव्हाकिया घ्यावा की हंगेरी, असा भाचीचा पेच होता. समाजवादी राजवट संपल्यावर दोघांनाही सरकारी कारखान्यांना खासगी मालक शोधायचे होते.

तिजोरीच्या दृष्टीने हंगेरी सरळ पुढे. डोक्यावर परकीय कर्ज मोठं, म्हणून त्यांनी रोख मोजणाऱ्यांना कारखाने विकले. दिवे बनवणाऱ्या तुंगस्रामचा निम्म्याहून अधिक हिस्सा जनरल इलेक्ट्रिकने घेतला. चेकोस्लोव्हाकियाने 1992 मध्ये कूपन वाटली. सुमारे हजार क्राउन (तिथलं चलन), म्हणजे साधारण आठवड्याचा पगार भरला की कूपन मिळत आणि त्यांवर सरकारी कंपन्यांच्या शेअरसाठी बोली लावता येई. तिजोरीत त्यातून नगण्य भर पडली.

वेग आणि लोकसहभागात मात्र कूपनला तोड नाही. 80 लाखांहून जास्त लोक उतरले.

खरी गोम पुढे आहे. बहुतेकांनी कूपन गुंतवणूक फंडांकडे सोपवली. मालकी लाखोंत विखुरलेली, शेअरबाजारावर देखरेख ढिली, त्यामुळे काही फंडचालकांनी कंपन्या आतून पोखरल्या. शिवाय कूपनमधून नवं भांडवल येत नाही, तंत्रज्ञानही नाही. म्हणून तर श्कोडा मोटारी कूपनवर न सोडता 1991 मध्ये फोक्सवॅगनशी करार झाला! हंगेरीत दोन्ही आलं, पण नफा आणि निर्णय परदेशी गेले.

राजकीय पाठिंबा, कायदा आणि देखरेख अभ्यासायची असेल तर चेकोस्लोव्हाकिया घे. कर्ज, निर्यात, परकीय गुंतवणूक हा विषय असेल तर हंगेरी.