सव्वा इंच सांगून पाऊण इंच

माझ्या जीपचा ट्रान्सफर केस, म्हणजे गिअरबॉक्समधून येणारा जोर पुढच्या-मागच्या चाकांना वाटणारा गिअरचा डबा, तुटला तो मावळात, मित्राच्या शेतात, भाताच्या खाचराचा बांध चढताना. जुलै महिना, वरून पाऊस. आवाज फार मोठा नव्हता. अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा एक कटकन आवाज, मग इंजिन मोकळं भणाणलं आणि चारही चाकं जागच्या जागी. ट्रॅक्टरने ओढून गाडी गोठ्याशेजारी आणली. दुसऱ्या दिवशी मेस्त्रीमामांनी केसचं खालचं झाकण उघडलं, तर तेलाबरोबर चांदीसारखा चुरा आला आणि मधला शाफ्ट दोन तुकड्यांत हातात आला. मामांनी तुकडा चिंधीने पुसला, जाडी मोजायचा वर्नियर लावला आणि माझ्याकडे बघत राहिले.

"दादा, तुम्ही तर सव्वा इंची म्हणाला होता. हा पाऊण इंची आहे."

सव्वा इंच म्हणजे गॅरेजच्या भाषेत दहा सूत, पाऊण म्हणजे सहा सूत. चार सुतांचा फरक, आणि त्यासाठी मी मोजले होते ३२ हजार रुपये, वर ट्रान्सपोर्टचे १,८०० वेगळे.

ट्रान्सफर केस शोधायची वेळ का आली ते आधी सांगतो. जीप जुनी, सीजे-३बी पॅटर्नची महिंद्रा. मूळचं पेट्रोल हरिकेन इंजिन कधीच गेलं होतं. तिच्यात अपघातात भंगारात निघालेल्या स्कॉर्पिओचं २.६ लिटरचं सीआरडीई डिझेल इंजिन आणि त्याचाच गिअरबॉक्स बसवला. ती स्कॉर्पिओ टू-व्हील ड्राइव्ह, जोर फक्त मागच्या चाकांना, म्हणजे तिच्याबरोबर ट्रान्सफर केस मिळालाच नाही. गिअरबॉक्सच्या मागे अडॅप्टर लावून जीपचाच डाना १८ मॉडेलचा ट्रान्सफर केस जोडायचं ठरलं, पण माझ्या गाडीतला डाना १८ तडा गेलेला होता. म्हणून दुसरा हवा होता.

गणित मी केलं होतं, तेवढं श्रेय मला द्या. ट्रान्सफर केसच्या तोंडाशी येणारा टॉर्क, म्हणजे फिरवण्याचा जोर, हा इंजिनाचा टॉर्क गुणिले पहिला गिअर. हरिकेनचा टॉर्क साधारण १५४ न्यूटन-मीटर, जुन्या टी-९० गिअरबॉक्सचा पहिला गिअर २.८. गुणाकार ४३० च्या आसपास. सीआरडीईचा टॉर्क २७७, आणि पहिला गिअर पावणेचार-चार धरला तर हजाराच्या वर. अर्थात इतका टॉर्क रोज येत नाही, चिखलात चाक त्याआधीच घसरतं. पण चाकाला दगडाची पकड मिळाली आणि गाडी अडली, की सगळा जोर आत जातो आणि आत जे सगळ्यात कमजोर असेल ते तुटतं.

मग डाना १८ च का? दुसऱ्या केसचा विचार केला होता. जिप्सीचा केस सुटा असतो, गिअरबॉक्सपासून वेगळा, मधे छोटा शाफ्ट टाकून कुठेही टांगता येतो. पण त्याचा हायचा, म्हणजे साध्या रस्त्यावरच्या गिअरचा, रेशोच १.४०९, म्हणजे साध्या रस्त्यावरही सगळं गिअरिंग बदलतं, आणि तो बनलाय शंभरेक न्यूटन-मीटरच्या छोट्या पेट्रोल इंजिनासाठी. डाना २० मध्ये मागचा शाफ्ट गाडीच्या मधोमध निघतो. माझ्या जीपचं मागचं डिफरन्शियल एका बाजूला, म्हणजे केसबरोबर मागचा अ‍ॅक्सलही बदला. शिवाय त्याचा लो, म्हणजे चढ-चिखलात जोर वाढवणारा गिअर, फक्त २.०३. डाना १८ मध्ये पुढचा-मागचा दोन्ही शाफ्ट एका रेषेत, एका बाजूने निघतात, जीपला जसे हवेत तसे. लो २.४६. ओतीव लोखंडाची बॉडी, साखळी नाही, सगळे गिअर. साठच्या दशकात अमेरिकेतल्या सीजे-५ ला व्ही-६ इंजिन मिळालं, त्याचा टॉर्क ३०० च्या वर, आणि त्याच्याही मागे डाना १८ च होता. माझं पोट भरलं.

फक्त एक अट. हा केस १९४१ पासून बनत आला आणि मधला शाफ्ट, ज्यावर मधला गिअर फिरतो, तो तीन जाडीत आला: आधी पाऊण इंच, मग एक इंच एक सूत, शेवटी सव्वा इंच. अशा दांड्याची वाकण्याविरुद्धची ताकद व्यासाच्या घनाने वाढते. पाऊण आणि सव्वात साडेचार पटींहून जास्त फरक पडतो. म्हणून मला सव्वा इंचीच हवा होता.

आणि इथेच मी मूर्खपणा केला. जाहिरात पाहून विक्रेत्याला फोन लावला आणि पहिल्याच वाक्यात सगळं बोलून मोकळा झालो. "मधला शाफ्ट सव्वा इंची असेल तरच हवा, ३१.७५ मिलिमीटर." त्याला काय हवं ते मीच शिकवलं. संध्याकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो आला: शाफ्ट, त्यावर वर्नियर, आकडा ३१.७. फोटोत केस कुठेच नव्हता, नुसता शाफ्ट. आज तो फोटो पाहिला की स्वतःच्या डोळ्यांची लाज वाटते.

माणूस मराठी, बोलायला गोड. "दादा, मिलिटरी डिस्पोजलचा माल आहे. रणगाडा ओढेल." मिलिटरी म्हटलं की आपण विरघळतो. लष्कराचा टाकाऊ माल एमएसटीसी या सरकारी कंपनीच्या ई-लिलावातून निघतो, त्याचे कागद असतात, लॉट नंबर असतो. "कागद दाखवा" एवढंही मी म्हणालो नाही. पैसे यूपीआयने दिले, ते खातं तिसऱ्याच बाईच्या नावावर. विचारलं तर म्हणाला, "मिसेसचं आहे."

मार्केट यार्डाजवळच्या गोदामातून खोकं उचललं. आत ताज्या ऑलिव्ह ग्रीन रंगात न्हालेला केस, बोल्टांवर लाल ठिपके आणि झाकणाच्या सांध्यावर चिकटवलेला कागद: सील तोडल्यास गॅरंटी नाही. मामा म्हणाले, "उघडून बघू या." मीच अडवलं. सहा महिन्यांची गॅरंटी कशाला घालवायची? या कागदाच्या तुकड्याने सगळं काम केलं. एरवी मामांच्या हातात आलेला केस उघडल्याशिवाय गाडीखाली गेला नसता.

गंमत अशी, की सील न तोडताही मोजता आलं असतं. मधल्या शाफ्टचं टोक केसच्या मागच्या भिंतीत दिसतं, एका बोल्टच्या लॉक-प्लेटने अडकवलेलं असतं. माझ्या केसवर नेमक्या त्याच जागी गॅस्केटची पेस्ट आणि रंगाचा जाड थर होता. नखाने खरवडला असता तरी पुरे होतं. दुसरी परीक्षा तर बिनखर्चाची आहे. लो टाका, बाहेरच्या फ्लँजवर, म्हणजे चाकांकडे जाणारा शाफ्ट जोडायच्या चकतीवर, खडूची रेघ मारा आणि गिअरबॉक्सकडून जोर घेणाऱ्या आतल्या गिअरला हाताने फिरवा. फ्लँजची एक फेरी पूर्ण व्हायला आत जवळजवळ अडीच फेऱ्या लागल्या तर रेशो २.४६. दोनच्याही आत झालं, तर तो १.९७ चा, दुसऱ्या महायुद्धातल्या जीपचा केस.

माझा तोच होता. विक्रेता मिलिटरीबद्दल बहुधा खोटं बोललाच नव्हता. १९४१ ते ४५ मधल्या विलीस एमबीचा केस, पाऊण इंची शाफ्टचा, ६० हॉर्सपॉवरच्या इंजिनासाठी केलेला. म्हणजे डाना १८ मध्ये जो सगळ्यात नाजूक, तो मला मिलिटरी म्हणून, मजबूत म्हणून विकला गेला. खरं तर पहिल्या दिवशीच शंका यायला हवी होती. लोमध्ये उतारावर गाडी नीट धरत नव्हती, सारखा ब्रेक लागायचा. मी दोष डिझेलच्या आयडलिंगला दिला.

तुटल्यावर फोन केला. पहिल्यांदा तो म्हणाला, "सील तुटलंय ना? मग गॅरंटी गेली." शाफ्ट तुटल्यावर केस उघडणार नाही तर काय करणार? मी पोलिसांचं नाव काढलं, तेव्हा त्याचा आवाज बदलला, पण वाढला नाही. शांतपणे विचारलं, "गाडीत इंजिन कुठलं आहे हो? आणि आरसी बुकात कुठलं लिहिलंय?"

मी गप्प बसलो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि २०१९ मधला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मला तोंडपाठ आहे. निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी न जुळणारा बदल चालत नाही. म्हणूनच ही जीप मी ट्रेलरवर टाकून शेतावर नेतो, रस्त्यावर चालवत नाही. पण त्या क्षणी एवढं सुचलं नाही. आरोपीच्या पिंजऱ्यात आपणच उभे आहोत असं वाटलं आणि फोन ठेवला. इंजिन बदलणाऱ्या गिऱ्हाईकाची ही दुखरी नस या धंद्यातल्या लबाडांना बरोबर माहीत असते. खोट्या मालाचा पैसा हा वेगळा विषय आहे, गाडीच्या आरसीशी त्याचा काही संबंध नाही, हे एका वकील मित्राने समजावलं तोवर तीन आठवडे गेले होते. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदवली. पहिल्या काही तासांत केला असता तर पैसे त्या खात्यात अडवता आले असते. आता खातं रिकामं आणि नंबर बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर पहिला प्रश्न आला, "बिल आहे का?" बिल नव्हतं.

दुसरा केस नंतर सांगलीकडून मिळाला. यावेळी मी काय हवं ते सांगितलंच नाही, फक्त "शाफ्ट किती सुताचा आहे?" असं विचारलं. समोरच्या म्हाताऱ्या मेस्त्रींनी उत्तर दिलं, "या आणि मोजा." गेलो. त्यांनी खालचं झाकण काढून ठेवलंच होतं. दहा सूत. गिअरचे दात बोटाने चाचपले, शाफ्टची भोकं लंबगोल झालेली नाहीत ना ते पाहिलं आणि पैसे तिथेच, पावती घेऊन दिले. ती जीप आता त्याच बांधावरून चढते.

तुटलेला केस कोपऱ्यात पडून होता. एकदा युद्धकाळातल्या जीपा मूळ रूपात उभ्या करणारे एक काका गॅरेजमध्ये आले आणि त्याच्यापाशी उकिडवे बसले. म्हणाले, शाफ्ट तुटला तरी हरकत नाही, बॉडी द्या. सात हजार देऊन घेऊन गेले. उचलताना त्यांनी विचारलं, "कुठे सापडला हो? एमबीचा केस मी दोन वर्षं शोधतोय." मी जाहिरात दाखवली. ते हसायलाच लागले. "अरे, याला तर मी तेव्हाच फोन केला होता! पण तो म्हणाला सव्वा इंची आहे, म्हणून मी नको म्हटलं."